बातमीदाराला वेशीवरच अडवण्याचा इतिहास : उमरी, हॉर्निमन आणि एक पासपोर्ट

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. त्या दिवशी दिल्लीत काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवशी निजामाच्या राज्यातील नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथे काय घडले, हे मराठवाड्याबाहेर आजही फारसे कोणी सांगू शकत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी उमरीच्या बँकेवर हल्ला चढवला आणि तेथील रोकड लढ्यासाठी नेली. संग्रामाच्या सशस्त्र पर्वातील सर्वांत धाडसी कारवायांमध्ये तिची गणना होते.

दुसऱ्या दिवशी हिंदुस्थानातील सर्व वृत्तपत्रे काळ्या चौकटीत निघाली. गांधीहत्येपुढे उमरीच्या बातमीला जागा मिळणे शक्यच नव्हते. पण ते एकच कारण नव्हते. उमरी ज्या राज्यात होती, त्या राज्यात बाहेरचा बातमीदार आणि बाहेरचे वृत्तपत्र या दोहोंकडे दरबार प्रथमपासूनच संशयाने पाहत आलेला होता. ज्या ठिकाणी बातमीदार पोहोचू शकत नाही, तेथील घटनेची सरकारी आवृत्तीच काय ती बाहेर येते, आणि सरकारी दफ्तरात उमरीचा हल्ला म्हणजे केवळ दरोडा होता.

परक्या मुलखात जाऊन बातमी देण्याचा परवाना ही आज 'पत्रकार व्हिसा' म्हणून ओळखली जाणारी गोष्ट आहे. तिचा हिंदुस्थानातील उगम शोधायचा तर उमरीहून मुंबईला आणि १९४८ हून १९१९ ला जावे लागते. तेथे एक इंग्रज संपादक भेटतो. त्याच्याच देशाच्या सरकारने त्याला जहाजावर बसवून परत पाठवले होते.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातला. तिकडच्या वृत्तपत्रांत उमेदवारी करून १९०६ साली ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये रुजू झाले. त्या काळी इंग्रज पत्रकाराला हिंदुस्थानात येण्यासाठी व्हिसा तर सोडाच, पासपोर्टही लागत नसे. जहाजाचे तिकीट काढले की झाले. कलकत्त्यात वंगभंगाची चळवळ पेटलेली होती आणि हे गृहस्थ तिच्या बाजूने उभे राहिले. १९१३ साली सर फिरोजशहा मेहतांच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादकपद त्यांच्याकडे आले. पुढे होमरूल लीगचे उपाध्यक्षपद, १९१० च्या प्रेस ॲक्टविरुद्धची चळवळ आणि रौलट कायद्याच्या वेळी गांधीजींच्या सत्याग्रह सभेचेही उपाध्यक्षपद त्यांनी सांभाळले.

येथे जरा थांबून एका दुसऱ्या इंग्रज पत्रकाराकडे पाहणे आवश्यक आहे, कारण त्याच्यावाचून हॉर्निमनचे प्रकरण नीट उमगत नाही. 'टाइम्स'च्या परराष्ट्र विभागाची धुरा वाहिलेले सर व्हॅलेंटाइन चिरोल हे हिंदुस्थानात येत, बड्या अधिकाऱ्यांकडे उतरत, आणि परत जाऊन लिहीत. १९१० सालच्या आपल्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात त्यांनी लोकमान्य टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवले. टिळकांनी बदनामीचा दावा लावला, तेव्हा मुंबई सरकारने चिरोल यांना कागदपत्रांचे साहाय्य केले. म्हणजे सरकारला बाहेरच्या पत्रकाराचे वावडे नव्हते. कोणता पत्रकार, एवढाच प्रश्न होता.

आणि स्वतः टिळक? तेही संपादकच. एप्रिल १९१८ मध्ये होमरूलच्या शिष्टमंडळासह ते इंग्लंडला निघाले, कोलंबोपर्यंत पोहोचले, आणि तेथे समजले की ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने त्यांचे पासपोर्ट रद्द केले आहेत. सारे शिष्टमंडळ माघारी फिरले. त्याच वर्षी सप्टेंबरात चिरोल खटल्यासाठी म्हणून त्यांना जाऊ दिले, तेही राजकीय चळवळ करायची नाही या अटीवर. १९१९ च्या आरंभी खटल्याचा निकाल टिळकांच्या विरुद्ध लागला. कोलंबो हे ठिकाण वाचकांनी लक्षात ठेवावे. या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

पासपोर्ट ही वस्तू तोवर किती नवी होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील बहुतेक प्रवासी कागदाविना सीमा ओलांडत. युद्धाने ते संपवले. हेरांची भीती, फितुरीची भीती, क्रांतिकारकांची भीती. १९१७ साली हिंदुस्थानात ये-जा करणाऱ्यांसाठी युद्धकालीन पासपोर्ट नियम आले, आणि युद्ध संपले तरी ही सोय हातची घालवायला कोणतेही सरकार तयार झाले नाही. कोणाला देशात घ्यायचे आणि कोणाला नाही, हे न्यायालयात न जाता, कारण न देता, टेबलावर बसून ठरवता येऊ लागले होते.

आता एप्रिल १९१९. सहा तारखेला देशभर हरताळ झाला. तेरा तारखेला जालियनवाला बाग. पंजाबात लष्करी कायदा लागू झाला आणि त्या प्रांताची दारे बाहेरच्या जगासाठी बंद झाली. गांधीजींना त्याआधीच पलवल येथे गाडीतून उतरवून परत धाडले होते. पुढे मे महिन्यात चार्ली अँड्र्यूज पंजाबात शिरायला गेले, तर त्यांना अमृतसरला अडवून माघारी पाठवण्यात आले. शेकडो माणसे मारली गेली होती, आणि त्याची पुरती हकीकत इंग्लंडच्या जनतेला कळायला कित्येक महिने लागले. बातमी दडपणे हे त्या हत्याकांडाचेच एक अंग होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या कोंडीत 'क्रॉनिकल' लिहीत राहिले. २६ एप्रिल १९१९ रोजी मुंबईत हॉर्निमन यांना ताब्यात घेण्यात आले. आजारपणातून ते पुरते सावरलेही नव्हते. त्यांना थेट इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढवण्यात आले. गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. आरोपपत्र नाही, खटला नाही, पंच नाहीत.

भारतमंत्री माँटेग्यू यांनी संसदेत कारणे सांगितली ती अशी: क्रॉनिकलने दिल्लीतील जमावावर मऊ अग्राच्या गोळ्या झाडल्याचा निराधार आरोप छापला, आणि त्याचे अंक मुंबईतील गोऱ्या सैनिकांत फुकट वाटले गेले. पहिल्या आरोपाची शहानिशा न्यायालयात होऊ शकली असती. अब्रुनुकसानीचा किंवा राजद्रोहाचा खटला भरायला सरकारला कोणी अडवले नव्हते. टिळकांवर ते दोनदा यशस्वीपणे भरले गेलेही होते. पण खटला म्हटला की आरोपीला बोलायची संधी मिळते. मुंबईतल्या न्यायालयात, वार्ताहरांच्या समोर, हॉर्निमनसारखा माणूस पंजाबविषयी बोलू लागला असता, तर ते सरकारला परवडणारे नव्हते.

यात कायद्याची एक गंमत आहे. परकीयांना हाकलण्यासाठी सरकारजवळ १८६४ चा फॉरिनर्स ॲक्ट होता. पण हॉर्निमन हे ब्रिटिश प्रजाजन. ब्रिटिश साम्राज्यात ते 'परकीय' ठरूच शकत नव्हते. म्हणून युद्धासाठी केलेल्या डिफेन्स ऑफ इंडिया नियमांचा आधार घेण्यात आला, तोही युद्धविराम होऊन पाच महिने उलटल्यावर.

हॉर्निमन गेले तसे क्रॉनिकलही काही काळ बंद पडले. गांधीजींनी मुंबईकरांना शांत राहण्याचे आवाहन केले आणि ११ मे रोजी हरताळ पाळायला सांगितले. क्रॉनिकलशी संबंधित मंडळींच्याच हाती 'यंग इंडिया' हे साप्ताहिक होते. उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांच्या आग्रहाने गांधीजींनी ते हाती घेतले. एका संपादकाला देशाबाहेर घालवल्याने दुसरा, कितीतरी मोठा संपादक उभा राहिला. सर जॉर्ज लॉइड यांच्या हिशेबात हे नक्कीच नव्हते.

लंडनला पोहोचलेल्या हॉर्निमन यांनी पंजाबचा विषय सोडला नाही. लेख लिहिले, सभा घेतल्या, आणि १९२० साली 'अमृतसर अँड अवर ड्यूटी टू इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबईत त्यांचे वाचक मुंबईचे होते. लंडनमध्ये ते थेट मतदारांसमोर उभे राहिले. हद्दपारीने त्यांचा आवाज थांबला असे म्हणता येत नाही. परंतु मुंबईतील त्यांचे काम थांबले, हे खरे, आणि एखाद्या संपादकाचे आयुष्य त्याच्या वृत्तपत्राभोवतीच असते.

मग सुरू झाली परवानगीची सहा वर्षे. डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याची मुदत संपली. हद्दपारीचा पायाच उरला नाही. तरीही हॉर्निमन परत येऊ शकत नव्हते, कारण हिंदुस्थानसाठीचा पासपोर्ट त्यांना दिला जात नव्हता. १९२० साली हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने पासपोर्ट कायदा संमत करून युद्धकालीन सोय कायमची करून टाकली होती. हाउस ऑफ कॉमन्समध्ये मजूर पक्षाचे सभासद पुनःपुन्हा विचारत, की या गृहस्थाला पासपोर्ट का नाही? उत्तराचा मथितार्थ दर वेळी तोच. हद्दपारी जाहीरपणे करावी लागते, तिचे उत्तरदायित्व कोणीतरी घ्यावे लागते. परवाना नाकारणे मात्र मुकाट्याने करता येते.

या सहा वर्षांत क्रॉनिकलच्या खुर्चीत कोण बसले, हा उपकथेचा भाग असला तरी मराठवाड्याच्या वाचकाला त्यात विशेष रस वाटावा. १९२० साली मार्माड्यूक पिकथॉल नावाचे इंग्रज कादंबरीकार संपादक म्हणून मुंबईत आले. त्यांनी इस्लामचा स्वीकार केलेला होता आणि त्यांचा कल खिलाफत व गांधींकडे होता. म्हणजे सरकारच्या दृष्टीने तेही काही सोयीचे नव्हते. तरी एका इंग्रजाला त्या खुर्चीसाठी यायला मिळाले आणि दुसऱ्याला त्याच खुर्चीकडे परतायला मिळाले नाही. १९२४ मध्ये पिकथॉल यांनी संपादकपद सोडले आणि ते थेट निजामाच्या चाकरीत गेले. हैदराबादेत चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले, 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकाचे संपादन केले, आणि त्यांचे गाजलेले कुराणाचे इंग्रजी भाषांतर निजामाने दिलेल्या रजेत पूर्ण होऊन १९३० साली प्रसिद्ध झाले. ज्या दरबाराला स्वतःच्या प्रजेची वृत्तपत्रे नकोशी होती, त्याच दरबाराने एका परदेशी संपादकाला सन्मानाने वागवले. ते त्या दरबाराविरुद्ध लिहीत नव्हते, हे सांगायला नकोच.

जानेवारी १९२६. हॉर्निमन यांनी परवानगीची वाट पाहणे सोडले. त्यांनी कोलंबोचा रस्ता धरला. आठ वर्षांपूर्वी जेथे टिळकांचा पासपोर्ट रद्द झाल्याने प्रवास खुंटला होता, तोच कोलंबो. सरकारी आदेशाच्या जाळ्यात सिलोनच्या बाजूने फट राहिली होती, तिचा लाभ घेऊन हॉर्निमन हिंदुस्थानात उतरले. सरकार काही करू शकले नाही, किंवा करण्याचे त्याने टाळले. युद्धकालीन अधिकार संपले होते. परकीय म्हणावे तर ते परकीय नव्हते. पुन्हा जहाजावर चढवले असते तर १९१९ ची सारी चर्चा नव्याने उकरली गेली असती. हॉर्निमन मुंबईला आले आणि पुन्हा क्रॉनिकलचे संपादक झाले.

पुढची बावीस वर्षे ते येथेच राहिले. १९२९ मध्ये त्यांनी 'इंडियन नॅशनल हेरल्ड' काढले, १९३३ पासून 'बॉम्बे सेंटिनेल' हे सायंदैनिक बारा वर्षे चालवले, आणि १९४१ साली रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ'च्या स्थापनेतही त्यांचा हात होता. कागदोपत्री ते शेवटपर्यंत परदेशी राहिले. मुंबईच्या वाचकाने मात्र त्यांना परके कधी मानले नाही.

आता पुन्हा निजामाच्या राज्यात. येथे अडवणूक माणसांची होती, तशी कागदाचीही. राज्यात वृत्तपत्र काढायचे तर दरबाराची परवानगी हवी, आणि ती मराठी पत्राला मिळणे महाकठीण. म्हणून आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' हे पत्र सुरू केले ते पुण्यात, ब्रिटिश हद्दीत. बातम्या मराठवाड्याच्या, वाचक मराठवाड्याचे, छपाई पुण्याची. दरबाराने राज्यात त्याच्या प्रवेशावर बंदी घातली. मग पत्राने नाव बदलले. नव्या नावावर बंदी आली की आणखी नवे नाव. आदेश निघे एका नावाविरुद्ध, तोवर अंक दुसऱ्याच नावाने करोडगिरीचा नाका ओलांडून आलेला असे. हॉर्निमन यांनी कोलंबोत शोधलेली फट आणि वाघमाऱ्यांनी नावात शोधलेली फट यांत तत्त्वतः फरक नाही. बंदीचा हुकूम जितका काटेकोर, तितकाच तो त्या काटेकोरपणात अडकतो.

१९४७ च्या नोव्हेंबरात 'जैसे थे' करार झाला, पण सीमा तापतच गेली. रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरची शिबिरे, आर्थिक नाकेबंदी, आणि त्यात उमरी. गमतीची गोष्ट अशी की ज्या राज्यात बातमीदाराला शिरणे दुरापास्त झाले होते, तेथे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून शस्त्रे घेऊन रात्री-अपरात्री बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत होता. त्याच्याजवळ कोणाचा परवाना होता, हे विचारणारे तेथे कोणी नव्हते.

आणि स्थानिक पत्रकार? हॉर्निमनच्या कथेतील शौर्य मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. बाहेरच्या पत्रकाराला जास्तीत जास्त जहाजावर चढवले जाते. घरच्या पत्रकाराला परत पाठवायला दुसरा देश नसतो. हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर टीका केली आणि भारतात विलीनीकरणाचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये, २१ आणि २२ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारा हात तोडण्यात आला, गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावीसच्या आसपास. त्यानंतर चारच आठवड्यांत, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाने शरणागती पत्करली.

हॉर्निमन यांचे निधन त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत झाले. स्वातंत्र्यानंतर फोर्टमधील एल्फिन्स्टन सर्कलला त्यांचे नाव देण्यात आले. टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोरची ती गोल बाग. एका गव्हर्नराचे नाव काढून, दुसऱ्या गव्हर्नराने हद्दपार केलेल्या संपादकाचे नाव तेथे लागले.

स्वतंत्र भारताने मात्र अडवणुकीची यंत्रणा मोडली नाही, सांभाळून ठेवली. १९४६ चा फॉरिनर्स ॲक्ट तसाच पुढे चालू राहिला. १९७० मध्ये फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांचे भारतावरील चित्रपट दाखवल्यावरून बीबीसीचे दिल्ली कार्यालय बंद करायला लावण्यात आले. ते पुन्हा उघडायला १९७२ उजाडले. आणीबाणीत तर पद्धतच ठरून गेली. जून १९७५ च्या अखेरीस सेन्सॉरशिप आली, आणि काही दिवसांतच 'वॉशिंग्टन पोस्ट'चे लुइस सायमन्स यांना देश सोडायला सांगण्यात आले. जुलैमध्ये 'टाइम्स'चे पीटर हेझलहर्स्ट, 'न्यूजवीक'चे लोरेन जेन्किन्स आणि 'डेली टेलिग्राफ'चे पीटर गिल यांची पाळी आली. सेन्सॉरचे नियम पाळू असे लिहून द्यायला त्यांनी नकार दिला होता. हॉर्निमन यांच्या वेळी निदान असे काही लिहून मागितले नव्हते.

इतर देशांचे चित्र फार वेगळे नाही. अमेरिकेने १९५२ च्या कायद्यात परदेशी माध्यम प्रतिनिधींसाठी 'आय' हा स्वतंत्र व्हिसा वर्ग निर्माण केला आणि तो परस्पर सवलतीच्या तत्त्वाशी बांधला: तुम्ही आमच्या पत्रकारांना जसे वागवाल, तसे आम्ही तुमच्यांना. यात पत्रकाराची अवस्था वकिलातीतल्या प्रतिनिधीसारखी होते, पण वकिलाला असते ते संरक्षण त्याच्या वाट्याला येत नाही.

भारतात परदेशी पत्रकारासाठी 'जे' वर्गाचा व्हिसा असतो. मार्च २०२१ मध्ये त्यात एक भर पडली. ओसीआय कार्ड धारण करणाऱ्या, म्हणजे मूळ भारतीय किंवा भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी नागरिकालाही येथे पत्रकारिता करायची असेल तर विशेष परवानगी आवश्यक झाली. असा माणूस येथे घर विकत घेऊ शकतो, नातेवाइकांकडे हवे तितके राहू शकतो. बातमी द्यायची म्हटली की अर्ज करावा लागतो. याच नियमाच्या फेऱ्यात दोन दशकांहून अधिक काळ येथे काम केलेल्या फ्रेंच पत्रकार व्हनेसा दुन्याक यांची परवानगी नाकारली गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

हॉर्निमन यांना जहाजावर बसवल्यानंतरच्या वर्षी आलेला १९२० चा पासपोर्ट कायदा, स्वातंत्र्यानंतरही, अनेक दुरुस्त्यांसह या देशात लागू होता. नव्या इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्टने तो आणि १९४६ चा कायदा रद्द केला, १ सप्टेंबर २०२५ रोजी.